रानीपुऱ्यातला 'सिंहगड'

इंदुरात त्या काळी नवा सिनेमा आला की त्याची वर्दी टांग्यातून यायची. टांग्याबरोबर ब्रास बँड वाजत असे आणि आत बसलेला माणूस पतंगाच्या रंगीत कागदावर छापलेली पत्रकं वाटत गल्लीबोळ पालथे घाले. रानीपुरा बाजारातल्या एका दुकानात असंच एक पत्रक आलं. कोल्हापूरच्या शांतारामांचा 'सिंहगड', आणि त्यावर ढाल नि उपसलेली तलवार घेतलेला मराठा गडी. दुकान चुलत्याचं होतं. पोरगा धंद्याला लागावा म्हणून वडिलांनी त्याला तिथं बसवलं होतं आणि पोरगा गिऱ्हाइकांची, हमालांची, बुरख्यातल्या बायकांची चित्रं काढत बसायचा. त्याला या मावळ्याचं तैलचित्र करायचं होतं. तैलरंग त्यानं तोवर हातात धरलेले नव्हते आणि ते विकत घ्यायला पैसेही नव्हते. त्यानं शाळेतली दोन पुस्तकं विकली, एक भूगोलाचं आणि एक इतिहासाचं. आलेल्या पैशांतून रंगाच्या नळ्या घेतल्या आणि चुलत्याच्या दुकानातच बसून आयुष्यातलं पहिलं तैलचित्र पुरं केलं.

मकबूल फिदा हुसेन यांनी हा प्रसंग आपल्या हिंदी आत्मकथेत सांगितला आहे. चुलता चिडला आणि त्यानं वडिलांकडे तक्रार केली. वडिलांनी चित्र पाहिलं आणि रागवायचं सोडून पोराला पोटाशी धरलं. इतिहासाचं पुस्तक विकून इतिहासाचं चित्र काढणारा हा मुलगा पुढं देशाचा सर्वांत गाजलेला चित्रकार झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातलं सुवर्ण अस्वल मिळवलं आणि पंच्याऐंशीच्या घरात आल्यावर दोन मोठे चित्रपट दिग्दर्शित केले, हे मात्र तळटीप असल्यासारखं सांगितलं जातं. म्हातारपणी लागलेला नाद, माधुरी दीक्षितचं वेड, असं काहीबाही. मला ही मांडणी उलटी वाटते. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं तैलचित्रच मुळी सिनेमाच्या जाहिरातीवरून निघालं. सिनेमा आधी आला आणि चित्रकला त्याच्या मागून चालत आली.

'सिंहगड' कोल्हापुरानं दोनदा केला. १९२३ साली बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत मूकपट काढला, त्यात तरुण शांताराम वणकुद्रे यांनी काम केलं होतं. १९३३ साली त्याच शांतारामांनी प्रभातसाठी बोलपट केला. आणखी एक धागा इथं ओढून घ्यावासा वाटतो. बाबूराव पेंटर मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकं ते स्वतः करत, आणि १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं त्यांचं पत्रक भारतीय सिनेमाच्या जुन्यात जुन्या उपलब्ध पत्रकांत मोजतात. म्हणजे रानीपुऱ्यात त्या मुलाच्या हाती आलेला कागद चित्रकारांनीच उभ्या केलेल्या सिनेमाचा होता. चित्रकार आणि सिनेमावाला हे दोन निराळे प्राणी असतात असं कोल्हापुरात कुणी मानत नव्हतं. इंदुरातल्या या पोरानंही ते कधी मानलं नाही.

हुसेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपुरात झाला, सुलेमानी बोहरा कुटुंबात. आई झैनब ते दीडेक वर्षांचे असतानाच गेली. तिचा एकही फोटो मागं राहिला नाही आणि तिचा चेहरा मुलाला आठवत नव्हता. हुसेन यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांना नाकडोळे नसतात, ते या रिकाम्या जागेमुळे, असं ते स्वतःही सांगत. त्यांच्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा धागा वापरून वापरून झिजवला आहे, तरी तो टाळता येत नाही, कारण 'गजगामिनी' हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट सगळा याच रिकाम्या जागेभोवती फिरतो.

आजोबा अब्दुल पत्र्याचं काम करत, कंदील बनवत. वडील फिदा नोकरीसाठी इंदुरास आले आणि कापड गिरणीत लागले. आजोबांवर नातवाचा फार जीव. ते वारले तेव्हा मुलगा त्यांच्या खोलीत दडून राही, कुणाशी बोलेना. वडिलांनी त्याला बडोद्याच्या वसतिगृहात, बोहऱ्यांच्या मदरशात पाठवलं. तिथल्या ड्रॉइंग मास्तरांनी फळ्यावर पक्षी काढून दाखवला आणि मुलांना पाटीवर उतरवायला सांगितला. मकबूलच्या पाटीवरचा पक्षी फळ्यावरच्यासारखाच उतरला. दहापैकी दहा. इंदुरास परतला तो चित्रांची सवय जडवूनच.

हे इंदूर समजून घेतलं पाहिजे. होळकरांची राजधानी, म्हणजे दरबारात नि कचेऱ्यांत मराठीचा राबता, बाजारात माळवी आणि हिंदी, गिरण्यांच्या चाळींत सगळ्या मुलखांची माणसं. १९२६ साली तुकोजीरावांना बावला खून प्रकरणापायी गादी सोडावी लागली आणि कोवळे यशवंतराव गादीवर आले. तिसाव्या दशकात हा तरुण राजा जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिक बाग राजवाडा बांधून घेत होता, ब्रांकुशीची शिल्पं विकत घेत होता. युरोपातल्या आधुनिक कलेचा सर्वांत ताजा माल इंदुरास पोचत होता, आणि तिथून दोनेक मैलांवर एक मुलगा पतंगाच्या कागदावरचा मावळा तैलरंगात उतरवत होता. दोघांची गाठ पडली असती तर बरं झालं असतं, असा विचार मनात येतो. पण राजवाड्यातल्या त्या शिल्पांचा मुलाला काही उपयोग झाला असता असं वाटत नाही. त्याला हवं ते रस्त्यावर मिळत होतं.

आणि शाळेत. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू केली. मराठी माणसानं परमुलखात केलेल्या कामांपैकी हे एक मोठं काम आहे आणि महाराष्ट्रात त्याची आठवण फार थोड्यांना आहे. नारायण श्रीधर बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर ही सगळी देवळालीकर मास्तरांच्या हाताखालची मंडळी. हुसेन तिथंच शिकले. पण त्यांना खरा धक्का दिला तो बेंद्र्यांनी. बेंद्रे वयानं पाच वर्षांनी मोठे, जन्मानं इंदूरकर. रस्त्यात चौकट लावून समोरचं दृश्य रंगवणारा हा माणूस मकबूलला बाजारात भेटला आणि दोघं बरोबर निसर्गचित्रं करायला जाऊ लागले. आपल्या धाकट्या भावाला पठाणाचे कपडे घालून बेंद्र्यांनी केलेल्या 'व्हॅगबाँड' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक मिळालं, ते हुसेन यांच्या डोळ्यांदेखत. एक दिवस मकबूल त्यांना घरी घेऊन गेला. बेंद्रे वडिलांशी बोलले. गिरणीतल्या त्या साध्या माणसानं दुसऱ्याच दिवशी मुंबईला पत्र टाकून विन्सर न्यूटनचे रंग आणि कॅनव्हास मागवले. मुलगा चित्रकार व्हायचा म्हणतो आणि बाप रंग मागवतो, हे १९३० च्या आसपासच्या इंदुरात घडलं. आजही फार घरांत घडत नाही.

निसर्गचित्रांना दूर जावं लागत नसे. शहर संपलं की लगेच काळी माती आणि खेडी. खजराना त्यांपैकीच एक, शहराबाहेरचं. आज ते इंदुराच्या पोटात गडप झालं आहे. खजरान्याचा गणपती अख्ख्या माळव्याचा नवसाचा गणपती आहे, नवं वाहन घेतलं की आधी तिथं न्यायचं. हे देऊळ अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेलं. त्याच खजरान्यात नाहरशाह वलींचा दर्गा आहे आणि भोवती मोठी मुसलमान वस्ती. देवळाची आणि दर्ग्याची गर्दी एकाच रस्त्यानं येते, एकाच हातगाडीवर फुलं घेते. हुसेन यांच्या चित्रांत गणपती शेकडो वेळा आला, मोहरमचे घोडेही आले. पंढरपुरात आणि पुढं इंदुरात रामलीला पाहून शाळकरी मित्राबरोबर आपण तिची नक्कल करायचो, असं ते पुढं सांगत. दिल्ली-मुंबईच्या समीक्षकांनी याला 'संमिश्र संस्कृती' असं जड नाव दिलं. इंदुरात त्याला नाव द्यायची गरज पडली नव्हती.

वडिलांची नोकरी गेली आणि मुंबई गाठणं भाग पडलं. तिथं जे. जे. कलाशाळेत नीट शिकायचं राहून गेलं. पोटासाठी हुसेन सिनेमाचे बॅनर रंगवू लागले. दर होता चौरस फुटाला चार ते सहा आणे. पद्धत अशी की नटनटीच्या छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून जाड सुती कापडावर आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. चाळीस-चाळीस फुटांचं कापड घरात मावणार कुठं? ते रस्त्यावर पसरायचं, आणि दिवसा रहदारी असते म्हणून रात्री रंगवायचं. ग्रँट रोडच्या थिएटरांच्या आसपास, कडेच्या एखाद्या गल्लीत ते राहत आणि तिथंच रंगवत.

या धंद्यानं त्यांना तीन सवयी लावल्या. जवळून पाहिलं तर नुसता रंगाचा फराटा दिसतो आणि पन्नास फुटांवरून तो एखाद्या नटीचा गाल होतो, हे अंतराचं गणित त्यांच्या मनगटात बसलं. हात भरभर चालवण्याची सवय लागली, कारण शुक्रवारी सिनेमा लागतो म्हणजे लागतोच. आणि सगळ्यांदेखत काम करण्याची लाज गेली. पुढं ते हजारो लोकांसमोर गाणं चालू असताना रंगवत, गाडीच्या टपावर रंगवत, रंगवलेल्या देवी प्रदर्शन संपताना पांढऱ्या रंगानं पुसून टाकत. टीकाकारांना हा चमकोपणा वाटे. काही अंशी तो होताच, नाकारण्यात अर्थ नाही. पण रस्त्यावर रात्रभर राबून केलेलं चित्र आठवड्याभरानं उतरवून त्यावरच नवा सिनेमा रंगवायचा, हे ज्यानं वर्षानुवर्षं केलं, त्याला चित्र पुसण्याचं काय वाटणार!

१९४७ साली फ्रान्सिस न्यूटन सूझांनी त्यांना प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ओढलं. सूझा, रझा, आरा, हुसेन, आणि आपले हरी अंबादास गाडे नि सदानंद बाकरे. या गटाविषयी मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून मी पुढं सरकतो. १९५५ मध्ये 'जमीन'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि बॅनरवाल्याचा हुसेन झाला.

सिनेमा मात्र सुटला नव्हता. १९५६ च्या अखेरीस इटलीचे रोबेर्तो रोसेलिनी भारतावर चित्रपट करायला मुंबईत आले. हुसेन यांच्याशी त्यांची दाट मैत्री जमली. रोसेलिनी आणि सोनाली दासगुप्ता यांच्या प्रेमानं तेव्हाची वर्तमानपत्रं दुमदुमत होती, आणि बातमीदारांचा डोळा चुकवून सोनालीबाईंना रेल्वेनं दिल्लीला पोचवण्यात हुसेन यांचा हात होता. दिलीप पाडगावकरांनी रोसेलिनींच्या भारतातल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं आहे, ज्यांना रस आहे त्यांनी ते जरूर वाचावं. आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं हे की रोसेलिनींच्या मदतीला फिल्म्स डिव्हिजनकडून जो माणूस होता, त्याचं नाव जां भावनगरी. दहा वर्षांनी हाच माणूस हुसेन यांच्या हाती कॅमेरा देणार होता.

मध्ये १९६४ आलं. गजानन माधव मुक्तिबोध त्या वर्षी ११ सप्टेंबरला दिल्लीत वारले. घरची भाषा मराठी, लिहिण्याची हिंदी, शिक्षण इंदूरच्या होळकर कॉलेजात. माळव्यातल्या मराठी घराचा हा कवी हयातीत जवळजवळ दुर्लक्षित राहिला. हुसेन त्यांच्या अंत्ययात्रेला गेले आणि तिथून पुढं त्यांनी पायांतलं काढून टाकलं ते कायमचं. अनवाणी हुसेन ही जगभर गाजलेली छबी एका मराठी-माळवी कवीच्या तिरडीमागून निघाली, हे महाराष्ट्रात सांगितलं की लोक चकित होतात.

फिल्म्स डिव्हिजन म्हणजे आपल्या पिढीला सिनेमाच्या आधी बळेच दाखवली जाणारी रीळं. धरणं, खतं, पूर, पंतप्रधान. प्रेक्षक तेवढ्यात वडा खाऊन येत. पण साठीच्या उत्तरार्धात पेडर रोडवरच्या या सरकारी कचेरीत थोडी वर्षं विलक्षण वारं वाहिलं. भावनगरी सल्लागार म्हणून परतले आणि त्यांनी सुखदेव, प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्यांना मोकळं सोडलं. त्याच लाटेत त्यांनी हुसेन यांना सांगितलं, तुम्हीही एक करा. पटकथा लिहून मंजूर करून घ्यायची सरकारी रीत बाजूला ठेवण्यात आली. हुसेन पथक घेऊन राजस्थानात गेले.

'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' हा त्यातून निघालेला कृष्णधवल लघुपट. वीस मिनिटांचाही नाही. सुरुवातीचं थोडं बोलणं सोडलं तर निवेदन नाही, गोष्ट नाही. बुंदी, चितोड, जैसलमेर. भिंती, जिने, बायका, पोरं, उंट, आणि या सगळ्यांत पुन्हा पुन्हा येणारी एक छत्री, एक कंदील, एक जोडा, एक गाय. विजय राघव रावांचं संगीत त्यांना एकमेकांत गुंफत जातं. छत्री काय सांगते, कंदील कशाचं प्रतीक, असे प्रश्न तेव्हाही विचारले गेले. मी तो लघुपट पाहताना हे प्रश्न विसरतो. जोडा वाळूत पडलेला दिसतो आणि क्षणभर त्याला माणसासारखं एकटेपण येतं, एवढं पुरतं. पत्र्याचा कंदील बनवणाऱ्याच्या नातवाला कंदिलाकडे किती वेळ बघायचं ते बरोबर कळतं.

१९६७ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला लघुपटांचं सुवर्ण अस्वल मिळालं. बर्लिननं तोवर भारताला रौप्य दिलं होतं. सत्यजित राय यांना 'महानगर'साठी १९६४ मध्ये आणि 'चारुलता'साठी १९६५ मध्ये. त्याहीआधी १९५८ साली, 'दो आँखें बारह हाथ'साठी, व्ही. शांताराम यांना. ज्यांच्या 'सिंहगड'चं पत्रक रानीपुऱ्यात आलं होतं, ते हेच शांताराम.

लघुपट चालला त्याचं कारण साधं आहे. चित्रकाराची नजर वीस मिनिटं स्वतःच्या बळावर उभी राहू शकते. तयेब मेहता यांनी १९७० मध्ये 'कूडल' केला, अकबर पदमसी यांनी त्याच सुमारास 'सिझिजी' हा रेषांचा अबोल चित्रपट केला, तेही याच लांबीच्या आसपास थांबले. पुढं दोघांनी कॅमेरा ठेवून दिला. हुसेन यांना ते जमलं नाही. त्यांना दोन तासांचा, गाण्यांचा, नटनट्यांचा, तिकीट काढून बघायचा सिनेमा करायचा होता. तो करायला तेहतीस वर्षं गेली.

त्या वर्षांत पुष्कळ घडलं. साओ पावलोच्या बिएनालेत पिकासोबरोबर निमंत्रण, महाभारतावरची चित्रं, आणीबाणीत इंदिरा गांधींना दुर्गा करण्याची घोडचूक, राज्यसभेतली खासदारकी. हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये त्यांनी 'सिनेमा घर' नावाचं संग्रहालयही उभारलं. ते नावच पुरेसं बोलकं आहे. आणि १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन'. तो त्यांनी साठाहून अधिक वेळा पाहिला म्हणतात. माधुरी दीक्षितची चित्रं 'फिदा' या सहीनं होऊ लागली, वडिलांचंच नाव. वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल एवढा दाणागोटा मिळाला. पंढरपुरात आईच्या आठवणीत अडकलेला माणूस एका मराठी मुलीत, तिच्या चालीत, तिच्या हसण्यात आपलं राहिलेलं चित्र शोधतोय, असं म्हणणारे थोडे होते. त्यांत तथ्य आहे, पण मला वाटतं दुसरंही एक कारण होतं. माधुरी ही चालता-बोलता बॅनर होती. चाळीस फुटांवर उतरवावा असा चेहरा त्यांना पुष्कळ वर्षांनी सापडला होता.

'गजगामिनी' २००० साली आला. पैसा उभा करायला हुसेन यांनी चित्रं विकली. माधुरी पाच रूपांत, त्यांत शकुंतला आहे, बनारसची अंध गायिका आहे, मोनालिसाही आहे. नसीरुद्दीन शाह लिओनार्दो दा विंची, मोहन आगाशे कालिदास, शबाना आझमी प्रेमचंदांची निर्मला, शाहरुख खान शाहरुखच. छायाचित्रण अशोक मेहतांचं, संगीत भूपेन हजारिकांचं. इतकी माणसं इतक्या प्रेमानं फार थोड्या चित्रपटांना मिळतात. आणि चित्रपट पडला. साफ पडला.

का पडला हे शोधायला फार दूर जावं लागत नाही. सिनेमात एका चित्रानंतर दुसरं चित्र येतं तेव्हा मधल्या फटीत काहीतरी घडावं लागतं. प्रेक्षकाला पुढं काय ही ओढ लागावी लागते. हुसेन एक चौकट अप्रतिम सजवतात, मग दुसरी सजवतात, आणि दोन्ही शेजारी टांगतात. 'गजगामिनी' पाहताना आपण थिएटरात बसलेले असूनही प्रदर्शनातून फिरतोय असं वाटत राहतं, आणि प्रदर्शनात माणूस स्वतःच्या चालीनं पुढं जातो, इथं ती मुभा नाही. लघुपटात जे बळ होतं तेच इथं ओझं झालं. तरीही डोक्यावर गाठोडं घेऊन, पाठमोरी चालत जाणारी माधुरी मी विसरू शकत नाही. त्या चालीत नऊवारीतल्या कुठल्याही बाईचं चालणं आहे, आणि चेहरा दिसत नाही तोवर ते फार खरं आहे.

'मीनाक्षी : अ टेल ऑफ थ्री सिटीज' चार वर्षांनी, २००४ मध्ये आला. मुलगा ओवेस या वेळी लेखनात आणि दिग्दर्शनात बरोबर होता, आणि ते पडद्यावर कळतं. हैदराबादचा एक लेखक, रघुवीर यादव, लिहायचं सुचेनासं झालेला. त्याला मीनाक्षी भेटते, म्हणजे तब्बू, आणि ती त्याच्या गोष्टीला नाकं मुरडते. मग तो तिलाच पात्र करून लिहू लागतो, कधी जैसलमेरची तरुणी, कधी प्रागमधली मारिया. गोष्ट फसतेय हे पात्रच लेखकाला ठणकावून सांगतं. 'गजगामिनी'वरच्या सगळ्या टीकेला दिलेलं हे उत्तर मला फार आवडतं. टीका मान्य करायची आणि तिचाच सिनेमा करायचा! संतोष सिवन यांचा कॅमेरा, ए. आर. रहमान यांचं संगीत, कुणाल कपूरचं पदार्पण. गोष्ट अजूनही लंगडते, पण चालते.

चालू दिली गेली नाही. 'नूर-उन-अला' या गाण्यात कुराणातले शब्द वापरले म्हणून काही मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली. प्रदर्शनाला थोडेच दिवस झाले होते. हुसेन यांनी वाद न घालता चित्रपट थिएटरांतून काढून घेतला. त्याआधी १९९६ पासून हिंदू संघटना त्यांच्या सत्तरीतल्या देवींच्या रेखाटनांवरून त्यांच्या मागं लागल्या होत्या. १९९८ मध्ये मुंबईतल्या घरावर हल्ला झाला होता. म्हणजे चित्रांसाठी एका बाजूनं आणि चित्रपटासाठी दुसऱ्या बाजूनं. आपल्याकडे एवढी समता क्वचितच पाहायला मिळते.

देवींच्या आणि पुढं भारतमातेच्या चित्रांवरून देशभर फिर्यादी झाल्या. त्या कुठं कुठं झाल्या हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे. राजकोट, भोपाळ, आणि पंढरपूर नि इंदूर. जिथं जन्मले ते गाव आणि जिथं वाढले ते शहर. सर्वोच्च न्यायालयानं हे खटले दिल्लीत एकत्र आणले आणि ८ मे २००८ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी ते रद्द केले. नव्वदीच्या चित्रकाराची जागा स्वतःच्या घरात, कॅनव्हाससमोर आहे, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही त्याविरुद्धची दाद फेटाळली. कायद्यानं रस्ता मोकळा झाला, पण २००६ मध्ये देश सोडलेले हुसेन परत आले नाहीत. २०१० साली त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं.

तिसरा चित्रपट करायचा त्यांच्या मनात होतं, आणि तो विनोदी असावा असं ते मुलाखतींत सांगत. वय पंचाण्णव. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं आणि सरेतल्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना पुरलं. मृत्युलेखांत घोडे आले, देवी आल्या, कोट्यवधींचे लिलाव आले, माधुरी आली. बर्लिनचं अस्वल बहुतेकांनी एका ओळीत उरकलं.